नव्याच्या सणाआधी भावाला फोन करा

आलेलं पत्र, थोडं कापून:

"मी ठाण्याला राहते. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले यहुदी. गेलं वर्ष अंगावरून कसं गेलं ते कळलंच नाही. मार्चमध्ये, होळीच्या सणाच्या आठवड्यात आई गेली. मेअखेर मी शाळेतून निवृत्त झाले. ३४ वर्षं शिकवलं. जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी सवयीनं पहाटे उठून डबा भरला आणि मग लक्षात आलं. अलिबाग तालुक्यातलं आमचं जुनं घर भावानं विकायला काढलं. सह्या झाल्या, ताबा दसऱ्यानंतर द्यायचाय. आणि सुक्कोत, मांडवांचा सण, झाला की लेक कायमची इस्राएलमध्ये अश्दोदला चाललीय. एवढं सगळं घडलं, पण मी कशालाच धड रडले नाही की हसले नाही. नुसते कागद सांभाळले.

नव्याचा सण तोंडावर आलाय. भाऊ म्हणतो, मशिदीत [म्हणजे आपल्या सिनेगॉगमध्ये] ये, तेफिला [प्रार्थना] कर, झालं. (हे तो मला वहिनीकडून कळवतो. आईच्या सातव्याला घरावरून मी त्याला नको ते बोलले, तोही बोलला. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे.) लेकीनं अमेरिकेतल्या बायकांचा व्हिडिओ पाठवलाय, त्या निवृत्तीनंतर, घटस्फोटानंतर मिकवेत, शुद्धीच्या कुंडात, बुडी मारतात. शिवाय एक ॲप दिलंय. डोळे मिटून बसायचं, मनातलं लिहून काढायचं. करून पाहिलं. झोप बरी लागते, बाकी काही होत नाही.

एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. शेवटच्या आजारात एका रात्री मी आईवर ओरडले. सकाळी तिची शुद्ध गेली ती परत आलीच नाही. याचं काय करू? हे सगळं घेऊन नव्या वर्षात जायचं नाहीये मला."

ताई,

तुम्ही चार गोष्टी मांडल्यात: आई, नोकरी, घर, लेक. पाचवी कंसात घातलीय. मी त्या कंसापासून सुरू करते, कारण बाकीच्या चारांपैकी निदान दोन तिथेच अडकल्यात.

सदर सगळेच वाचतात, म्हणून इतरांसाठी दोन ओळी. यहुदी वर्ष तिश्री महिन्यात सुरू होतं. त्या दिवसाला जग रोश हशाना म्हणतं आणि कोकणातले बेने इस्राएल नव्याचा सण. त्याआधीचा महिना एलुल, हिशेबाचा. आपली रीत सेफार्दी वळणाची, त्यामुळे सेलिहोतच्या क्षमाप्रार्थना आपल्याकडे महिनाभर चालतात. युरोपातल्या यहुद्यांत त्या शेवटच्या दिवसांत सुरू होतात, पण शोफार, म्हणजे मेंढ्याचं शिंग, मात्र ते एलुलभर सकाळी फुंकतात. आपले जुने लोक तर या महिन्यात उपास धरायचे आणि त्याला चक्क रमजान म्हणायचे. शेजाऱ्यांचा शब्द उचलला, महिना आपला ठेवला. यंदा एलुल १४ ऑगस्टला लागला आणि मराठी पंचांगात अधिक ज्येष्ठ आल्यामुळे तो श्रावणाच्या जोडीनं चाललाय. गेल्या वर्षी तो भाद्रपदाबरोबर होता, पितृपक्ष त्याच्याच पोटात आला होता. शुक्रवारी, ११ सप्टेंबरला सूर्य मावळला की ५७८७ साल सुरू.

आता भाऊ. "मशिदीत ये, तेफिला कर, झालं" हे त्याचं म्हणणं धर्माच्या हिशेबानंही चूक आहे, आणि हे मी माझ्या मनचं सांगत नाही. मिश्ना या आपल्या जुन्या नियमग्रंथात योमा नावाचा भाग आहे, त्याच्या शेवटच्या प्रकरणात सरळ लिहिलंय की माणसानं देवाचं जे वाकडं केलं ते योम किप्पुर या प्रायश्चित्ताच्या दिवशी, म्हणजे आपल्या दारफाळणीला, माफ होतं. माणसानं माणसाचं जे वाकडं केलं ते त्या माणसाची समजूत काढेपर्यंत माफ होत नाही. उपास करा, पांढरे कपडे घाला, दिवसभर उभे राहा, तो हिशेब तसाच राहतो. बाराव्या शतकातल्या धर्मपंडित रांबामनं, म्हणजे मायमोनिदीसनं, हा नियम आणखी घट्ट केला. समोरचा माफ करत नसेल तर तीन माणसं बरोबर घेऊन जा. नाही ऐकलं, पुन्हा तीन घेऊन जा. तिसऱ्यांदाही तीन. त्यानंतरही तो अडून बसला तर सोडून द्या, आता दोष त्याचा. आणि माफी मागायला आलेल्याला ताटकळत ठेवणाऱ्याला तो निष्ठुर म्हणतो.

तुम्ही म्हणाल, तो आधी बोलला. शक्य आहे. तुमच्या पत्रात दोघं बोलल्याचं आहे, कोण आधी ते नाही, आणि मला ते विचारायचंही नाही. रांबामच्या नियमात "आधी कोण" हा मुद्दाच येत नाही. आपल्या वाट्याचं आपण उचलायचं. फोन करा, वहिनीमार्फत निरोप नको. आणि "काही चुकलं असेल तर माफ कर" हे सणासुदीचं वाक्य कृपा करून वापरू नका. एलुलमध्ये मोबाइलवर ते शेकड्यानं फिरतं, त्यानं कुणाचंही काही फिटत नाही. काय बोललात ते बोला. "सातव्याला सगळ्यांसमोर मी तुला अमुक म्हणाले, ते चुकीचं होतं." एवढंच. घराच्या किमतीचा विषय त्या फोनवर काढू नका. तो हक्काचा प्रश्न आहे, त्याला वेगळा दिवस आणि गरज पडली तर वकील लागतो. त्याची माफीशी गाठ मारली की दोन्ही बिघडतं.

याच रांबामचा एक धाकटा भाऊ होता, दावीद. व्यापारासाठी हिंदुस्थानाकडे निघाला आणि हिंदी महासागरात बुडाला. भावाच्या जिवावर घर चालत होतं. रांबाम वर्षभर अंथरुणाला खिळला, आणि आठ वर्षांनी लिहिलेल्या पत्रातही तो भावासाठी रडतोय. माफीचे ते कडक नियम लिहिणारा माणूस हाच. तुमच्या भावाला हे सांगायची गरज नाही, तुम्ही लक्षात ठेवा.

मग आई. रांबाम इथेही गप्प बसलेला नाही. ज्याचं मन दुखावलं तो माफी मागण्याआधीच मरण पावला तर काय, याचं उत्तर त्यानं दिलंय: दहा माणसं घेऊन कबरीवर जा, उभं राहून मोठ्यानं सांगा की मी देवाचा आणि या माणसाचा अपराध केला, अमुक अमुक केलं. पुटपुटायचं नाही. नाव घेऊन, काय केलं ते सांगून.

तुम्ही दहा माणसं जमवावीत असं मला वाटत नाही. कित्येक रात्रींची झोप मोडून उशाशी बसलेली मुलगी एका रात्री ओरडली, तिनं मिन्यान, म्हणजे प्रार्थनेला लागणारे दहा जण, गोळा करून कबरीवर उभं राहावं इतका मोठा तो गुन्हा नाही. पण त्या नियमातली एक गोष्ट मी सोडणार नाही: हे दुसऱ्या कुणाच्या तरी कानावर पडलं पाहिजे. ॲपमध्ये लिहून होत नाही ते यामुळेच. झोप लागते ना, मग ॲप राहू द्या, त्याच्याशी माझं भांडण नाही. मात्र आपल्याकडे एवढा मोठा बदल माणूस एकटा पार करत नाही. कद्दीशला, म्हणजे गेलेल्या माणसासाठीच्या प्रार्थनेला, दहा लागतात, नवस-शपथा सोडवायला तिघं, माफीला निदान समोरचा एक. मार्चपासून तुम्ही सगळं एकटीनं उरकलंत, कागदासकट. तुम्हाला काहीच घडल्यासारखं वाटत नाही त्याचं कारण मला यात दिसतं.

म्हणून त्या रात्रीचं भावाला सांगा. तीही त्याचीच आई. कदाचित त्याच्याकडेही अशी एखादी रात्र असेल. कबरीवर दोघं मिळून जा. एलुलमध्ये, विशेषतः सणाच्या आदल्या दिवशी, कबरस्तानात जायची जुनी रीतच आहे, फक्त शब्बाथला, म्हणजे शनिवारी, आणि सणाच्या दिवशी जात नाहीत. ११ तारखेची सकाळ चालेल, पण मी त्याआधीचा एखादा रविवार धरीन, घाई नसते. आणि जाताना एक काम बरोबर न्या: आईच्या दगडावर काय कोरायचं. आपल्या कबरस्तानांत हिब्रूखाली मराठी असते, त्यामुळे मजकूर खरोखरच तुम्हा दोघांना ठरवायचाय. चार ओळी लिहायला बसलेल्या माणसांना एकमेकांशी बोलावंच लागतं.

कद्दीशबद्दलही एक ओळ. आई-वडिलांसाठी तो अकरा महिने म्हणतात. भाऊ रोज जात नसेल तर त्यावरून टोमणा नको, अलिबाग-रेवदंड्याला दहा माणसं जमवताना काय धावाधाव होते ते तुम्ही पाहिलंय. ठाण्यातही कामाच्या दिवशी पहाटे सोपं नसतं. तो जाईल त्या दिवशी तुम्हीही जा, वर बायकांच्या बाजूला उभ्या राहा आणि आमेन म्हणा. कद्दीश म्हणणाऱ्याला आमेन म्हणणारे लागतातच.

घराचं मात्र काम आहे, हाताचं. दारावरचा मेझुझा, चौकटीवरची धर्मवचनांची डबी, अजून तिथेच आहे का? पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही, पण ताबा दसऱ्यानंतर आहे म्हणजे बहुधा असणार. नियम असा की घर यहुदी माणसाकडे जात असेल तर मेझुझा काढायचा नाही, त्याच्यासाठी ठेवायचा. दुसऱ्या कुणाकडे जात असेल तर काढून न्यायचा. तुमच्या तालुक्यात आता कोण घेणार ते उघड आहे. एकेकाळी तिथल्या गावागावात शनवार तेल्यांचे, म्हणजे आपल्याच लोकांचे, घाणे होते, शनिवारी बंद असायचे. आज कुठे एखादं घर, कुठे नुसती कबरस्तानं. नवगावला पहिल्या बुडालेल्या गलबतातल्या पूर्वजांचं स्मारक आहे, तिथे आज प्रवासी फोटो काढतात. असो, तो विषय काढला तर हे पत्र संपणार नाही.

मेझुझा तुम्ही स्वतः काढा. वकिलाच्या माणसाकरवी किंवा सामान हलवणाऱ्या पोरांकरवी नको. काढताना म्हणायचा असा ठरलेला आशीर्वाद नाही, त्यामुळे तुम्ही काय म्हणाल ते तुमचं. आई त्या दाराला हात लावून बोटं ओठांना न्यायची तसं शेवटचं करा आणि मग स्क्रू काढा. आतला चर्मपत्राचा कागद कोकणातल्या दमट हवेत खराब झालेला असू शकतो. मेझुझे तपासून घ्यायला एलुल हाच महिना मानतात, तेव्हा हझ्झानना, मशिदीत प्रार्थना चालवणाऱ्यांना, दाखवा, ते जाणकार लेखकाकडे पाठवतील. चांगला निघाला तर लेकीबरोबर अश्दोदला जाऊ दे. तिथे तिच्या चौकटीवर लावताना आशीर्वाद आहे, तो ती म्हणेल. खराब निघाला तर मात्र फेकायचा नाही, पुरायचा. मशिदीत जुन्या पोथ्यांबरोबर तो दफन करतात.

हे ऑगस्टातच उरका. यंदा गणपती १४ सप्टेंबरला आहेत, त्याआधीच्या शनिवार-रविवारी पेण-वडखळच्या रस्त्यावर काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. त्यात १२ आणि १३ हे आपलेच सणाचे दिवस.

निवृत्तीसाठी परंपरेत वेगळा विधी नाही, हे खरं आहे आणि तो नाही म्हणून उसना आणायची घाई नको. पण तोरामध्ये, आपल्या धर्मग्रंथात, निवृत्तीचं वय मात्र आहे. गणना या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात लेवींना, देवाच्या सेवेतल्या कुळाला, पन्नाशीला देवमंडपाच्या कामातून मोकळं केलंय, आणि लगेच पुढे म्हटलंय की त्यांनी आपल्या भाऊबंदांना राखणीच्या कामात मदत करावी. ओझी उचलायची नाहीत, पण फाटकाशी असायचं. तुम्हाला हे शाळेत कसं बसवायचं ते मी शिकवणार नाही. पहिलं पेन्शन हातात आलं की त्याचा दहावा हिस्सा एखाद्या मुलीच्या फीला द्या, ही माझी सूचना. दहाव्या हिश्शाची चाल जुनी आहे. आणि सणाच्या आदल्या सकाळी मशिदीत तिघांसमोर उभं राहून वर्षभरातल्या शपथा सोडवून घेतात, ते जरा लक्ष देऊन ऐका. परंपरेनं ते पुरुष करतात, बायकांचं दारफाळणीच्या संध्याकाळच्या कोल निद्रे प्रार्थनेत येतं. पण "निवृत्त झाले तरी रोज पाचला उठेन", "एकही दिवस रिकामा जाऊ देणार नाही" अशा ज्या शपथा तुम्ही गुपचूप घेऊन ठेवल्या असतील, त्या आठवायला ती वेळ चांगली. दुसऱ्याला दिलेला शब्द मात्र त्यात सुटत नाही, तो वेगळा.

आता मिकवे. लेकीनं पाठवलेलं थट्टेवारी नेऊ नका. बॉस्टनजवळ न्यूटनला मयिम हय्यिम नावाचा मिकवे २००४ पासून चालतो. तिथे आजारातून उठलेल्या, शोकाचं वर्ष संपवलेल्या, नोकरी सोडलेल्या बायका येतात, आणि बुडी घेताना सोबतीला कुणी तरी उभं असतं. म्हणजे साक्षीदार तिथेही आहे, हे मला पटतं. तुम्हाला मनापासून करावंसं वाटलं तर नियमाप्रमाणे समुद्रही मिकवेच्या जागी चालतो. फक्त आत्ता नाही. पावसाळ्यातल्या अलिबागच्या समुद्रात साठीच्या बाईनं आध्यात्मिक कारणासाठी उतरावं असा सल्ला हे सदर देणार नाही. नोव्हेंबरात बघा. तोवर तश्लीखला, पापं पाण्यात टाकायच्या प्रार्थनेला, पाण्याच्या काठावर उभ्या राहालच. यंदा सणाचा पहिला दिवस शब्बाथला आलाय, त्यामुळे शोफार रविवारी वाजेल आणि तश्लीखही बहुतेक जण रविवारीच करतील.

लेकीसाठी मलिदा करायचा का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण घरात विषय निघणार. आपल्याकडे नव्या वाटेला लागणाऱ्या माणसासाठी एलियाहू हनाबीचं, एलिया संदेष्ट्याचं, नाव घेऊन मलिदा करतातच: पोहे, ओलं खोबरं, गोड, वेलची, वर फळं. तुमचं आईच्या शोकाचं वर्ष चालू आहे, म्हणून गाणंबजावणं आणि मोठं बोलावणं नको. घरातल्या घरात कितपत करावं ते हझ्झानना विचारा. जमलं तर तिला एकदा अलिबागजवळच्या खंडाळ्याला, एलियाहू हनाबीच्या टाप्यावर घेऊन जा, अलिबागला मेझुझा काढायला जालच तेव्हा. खडकावरची ती त्याच्या रथाची खूण तिनं लहानपणी पाहिली असेल, पण लहानपणी पाहिलेलं कुणाला आठवतं! निघताना प्रवासाची प्रार्थना तिनंच म्हणावी, तुम्ही तिच्यासाठी म्हणू नका.

सणाच्या दुसऱ्या रात्री, म्हणजे शनिवारी, या मोसमात न खाल्लेलं फळ ताटात ठेवून शेहेहेयानू म्हणतात: आम्हाला जिवंत ठेवलंस, सांभाळलंस, या दिवसापर्यंत आणलंस. सीताफळं तेव्हा नुकती येत असतात. तोवर घरात आणू नका. यंदा ते लेकीच्या हातात द्या आणि तिला म्हणू द्या. आई नाही, शाळा नाही, घर नाही, अशा वर्षी ते शब्द जड जातील. जाऊ देत. ज्याचं वर्ष सुखाचं गेलं त्यानंच म्हणावेत असं कुठे लिहिलेलं नाही.

शेवटी, शोकाच्या वर्षात चिकाचा हलवा करावा की नाही असा प्रश्न तुमच्या घरी कुणी तरी काढेल. करावा. नव्याचा सण आहे, सणाचं गोड खायला शोकात मनाई नाही, आणि तो हलवा तुमच्या आईच्या हातचा असायचा म्हणून तो न करणं ही तिची आठवण ठेवायची उलटी तऱ्हा झाली. गहू चार दिवस आधी भिजत घालावे लागतात, रोज पाणी बदलावं लागतं, वाटून चीक गाळून बसू द्यावा लागतो. मग नारळाचं दूध आणि साखर घालून जे ढवळत बसायचं ते एकटीच्या दंडाचं काम नाही. वहिनीला बोलवा, तिच्याबरोबर भाऊ गाडी घेऊन येईलच. शुक्रवारी सण बसतोय म्हणजे गहू सोमवारी, ७ तारखेला भिजले पाहिजेत. त्याआधी फोन झालेला असू द्या.